फ्रँक टिकेली यांची ‘ब्लू शेड्स’: बँडने बसवायला घेण्याआधी

अमेरिकी संगीतकार फ्रँक टिकेली (जन्म 1958, लुईझियाना) यांची ही 1997 ची रचना साधारण 11 मिनिटांची. तीस बँडनी मिळून ती लिहून घेतली होती. विंड ऑर्केस्ट्रासाठी (फुंकवाद्यं आणि तालवाद्यांच्या बँडसाठी) जॅझच्या वळणाचं बरंच काही लिहिलं जातं. त्यातलं पुष्कळसं सजावटीपुरतं. इथे ब्लूज, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेली अमेरिकी कृष्णवर्णीयांची संगीतशैली, मुरलेला आहे. कोमल गंधार, कोमल निषाद आणि उतरलेला पंचम सतत भेटतात, तरी बारा मापांचं ठरलेलं ब्लूज आवर्तन एकदाही येत नाही.

फसगत होते ती लयीत. जॅझ म्हटलं की वादक सगळंच झुलवत, म्हणजे मात्रेतला पहिला सूर लांब आणि दुसरा आखूड करून, वाजवू लागतात. काही मोजक्या जागा सोडल्या तर एका मात्रेतले दोन सूर इथे समान लांबीचेच हवेत. ते लांब-आखूड झाले की सुटे सुटे तुकडे एकमेकांत बसत नाहीत आणि सगळं चिखल होतं. आधी मेट्रोनोम (ठोके देणारं लययंत्र) लावून, संथ गतीत, फक्त टाळ्यांवर बसवा.

मधला संथ भाग धुरकट, दबका. ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं) जरा मोठ्याने वाजलं की तो गेलाच.

शेवटाकडचा लांब क्लॅरिनेट सोलो जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या ढंगाचा. सूर ओढताना ओठांची पकड सैल करून जीभ खाली घ्यावी लागते. वरच्या सप्तकात हे सोपं जातं, खाली अवघड. तसा वादक नसेल तर रचना घेऊच नका. सोलोनंतर ब्रास आगगाडीच्या शिट्टीसारखं किंचाळतं, तिथे मात्र लाजू नये.