फ्रीज आडवा नेला, मग म्हणे ‘गॅस उडाला’

घर बदलताना पुण्यात सर्रास होणारी ही फसवणूक दोन हप्त्यांत होते. पहिला हप्ता सामान हलवणारे उकळतात, दुसरा त्यांच्याच ओळखीचा मेकॅनिक. दुसऱ्या हप्त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, कारण फ्रीज शेवटी चालू झालेला असतो आणि आपण फसलो हेच लोकांना कळत नाही. म्हणून एक प्रकरण इथे सविस्तर देत आहोत. त्यात खोटं नेमकं कुठे होतं, तेही सांगतो.

धायरीतलं एक कुटुंब वाकडला राहायला निघालं. नेटवर चौकशी टाकली आणि लगोलग फोन सुरू झाले. सगळ्यांत कमी भाव साडेआठ हजारांचा, ‘पॅकिंग, चढवणं, उतरवणं सगळं धरून’. नाव एका प्रसिद्ध कंपनीसारखं, फक्त एखादं अक्षर इकडचं तिकडे. घर बघायला कोणी आलं नाही. व्हॉट्सॲपवर सामानाची यादी मागितली, तीत ‘फ्रीज १’ एवढीच नोंद. दोन हजार आगाऊ घेतले, तेही कंपनीच्या खात्यात नाही, कुणा भलत्याच माणसाच्या यूपीआयवर.

ठरलेल्या दिवशी मोठ्या बंद टेम्पोऐवजी छोटा हत्ती आला. त्याचा हौदा जेमतेम सात फूट लांब. कपाट आणि पलंग आत गेल्यावर उभ्या फ्रीजला जागाच उरली नाही, म्हणून साडेपाच फुटी डबल डोअर गाद्यांवर आडवा टाकून वरून दोरी आवळली. ‘काही होत नाही, आम्ही रोज नेतो.’ गाडी नवले पुलापाशी पोचल्यावर फोन आला: ‘साहेब, तुम्ही फ्रीज डबल डोअर आहे हे सांगितलं नव्हतं. सहा हजार वाढवा, नाहीतर माल गोडाउनला लावतो.’ घरातलं सगळं गाडीत, पावती नाही, गाडीचा नंबर टिपलेला नाही. पैसे द्यावे लागले.

वाकडला फ्रीज उभा केल्या केल्या त्याच लोकांनी प्लग लावून आतला दिवा दाखवला, ‘बघा, चालू आहे.’ संध्याकाळपर्यंत गारवा नाही. फोन केला तर ‘आमचा माणूस पाठवतो’. माणूस आला, कॉम्प्रेसरवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘वहिनी, हलवताना गॅस उडाला. इन्व्हर्टरचा आहे, ३,८०० लागतील.’ फ्रीजच्या मागे बसून वीसेक मिनिटं काहीतरी केलं, पैसे घेऊन गेला. सकाळी बर्फ धरला होता आणि घरातले सगळे खूश होते.

गारवा आला तो मेकॅनिकमुळे आला नाही.

फ्रीजमधला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कारखान्यात भरून नळ्या झाळून कायमच्या बंद केलेल्या असतात. नळी मोडली, पिचली, सांध्याला चीर गेली किंवा फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडताना ॲल्युमिनियमला भोक पडलं, तरच तो जातो. आडवा नेल्याने जागचं हलतं ते तेल. कॉम्प्रेसर म्हणजे गॅस फिरवणारा पंप. त्याच्या काळ्या डब्यात तळाशी साधारण दोनशे मिली तेल असतं. फ्रीज आडवा झाला की ते नळ्यांमध्ये उतरतं. पुढे कॅपिलरी नावाची तांब्याची नळी आहे, तिचं आतलं भोक एक मिलिमीटरपेक्षाही कमी. तिथे तेल अडलं की गॅस पुढे सरकत नाही आणि गारवा धरत नाही. फ्रीज उभा राहिला की बरंचसं तेल आपसूक डब्यात परततं आणि उरलेलं फिरत्या गॅसबरोबर हळूहळू येतं. या कुटुंबाच्या फ्रीजमध्ये रात्रभरात हेच झालं. शिवाय कोमट पडलेला फ्रीज पूर्ण गार व्हायला चांगला चालत असतानाही बरेच तास लागतात.

प्लग लगेच लावणं हा यातला खरा धोका. तेल कमी असताना पंप फिरला तर आतलं लोखंड लोखंडावर घासतं, आणि तेल पंपाच्या सिलिंडरमध्ये शिरलं तर व्हॉल्व्हची पातळ पट्टी वाकते. असं झालेला कॉम्प्रेसर त्या दिवशी मरतोच असं नाही, सहा-आठ महिन्यांनी बसतो. तोवर टेम्पोवाल्याचा नंबर बंद झालेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे डब्याच्या आत पंप स्प्रिंगांवर टांगलेला असतो. आडव्या फ्रीजला खड्ड्यांचे दणके बसले की तो स्प्रिंगवरून निसटू शकतो. चालू किंवा बंद होताना डब्यातून ‘खाड्’ असा आवाज यायला लागला तर तेच झालंय समजा. त्यावर कितीही गॅस भरला तरी उपयोग नाही.

आता गॅस खरोखर भरला की नाही, हे पाहण्याची एक साधी खूण. फ्रीज भिंतीपासून ओढा आणि खाली कॉम्प्रेसरकडे टॉर्च मारा. डब्यातून नळ्या निघतात, त्यातली एक आखूड नळी कुठेच जात नाही, तिचं टोक चेपून बंद केलेलं असतं. ही चार्जिंग लाइन. कारखान्यातून आलेल्या फ्रीजला तिचं टोक चपटं, जुनं, धुळीने माखलेलं दिसतं. गॅस भरायचा तर हे टोक कापून तिथे पिनवाला व्हॉल्व्ह झाळावा लागतो किंवा नळीला चावणारा क्लॅम्प लावावा लागतो. म्हणजे नवी झाळणी, काळवंडलेलं तांबं, टोपण, काहीतरी खूण उरणारच. या कुटुंबाच्या फ्रीजला नंतर मागून पाहिलं तर चार्जिंग लाइनचं टोक जसंच्या तसं, धूळसुद्धा पुसलेली नव्हती. ३,८०० रुपयांत एक ग्रॅम गॅस आत गेला नव्हता.

खरं काम कसं होतं तेही माहीत असू द्या. आधी गळती शोधायची, कारण गळती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. मग तांब्याचा फिल्टर बदलायचा, नळी उघडली की तो नवा घालावाच लागतो. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि दमटपणा काढायचा, याला किमान अर्धा तास. शेवटी डिजिटल काट्यावर तोलून गॅस भरायचा. किती आणि कोणता, ते फ्रीजवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो शंभर ग्रॅमच्याही आतच. दहा ग्रॅम कमी-जास्त झाले तरी गारव्यावर परिणाम होतो, म्हणून अंदाजाने भरणं चालत नाही. हा गॅस पेट घेणारा आहे. तो आत असताना नळीवर बर्नर लावणारा माणूस घरात नको. आर-६००एच्या जागी आर-१३४ए हा वेगळाच गॅस भरणारे आणि कधी कधी स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून सोडणारेही आहेत. पंप नाही, काटा नाही, नवा फिल्टर नाही आणि वीस मिनिटांत काम उरकलं, तर ते गॅस भरणं नव्हे.

मेकॅनिकला बोलावण्याआधी घरच्या घरी एवढं करा. फ्रीज उभा आला असेल तर तीन-चार तास, आडवा आला असेल तर पूर्ण २४ तास प्लग न लावता उभा ठेवा. मग रिकामाच चालू करा आणि अर्ध्या तासाने हात लावून पाहा. कॉम्प्रेसर कोमट, दोन्ही बाजूंचे पत्रे कोमट आणि फ्रीझर गार पडायला लागला असेल तर गॅस जागेवर आहे. बाजू गरम होतात म्हणून घाबरायचं कारण नाही, नव्या फ्रीजचा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या) बहुधा त्या पत्र्यांच्या आतच असतो. कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल किंवा दर थोड्या वेळाने ‘टक’ करून बंद पडत असेल, तर दोष रिले, ओव्हरलोड (कॉम्प्रेसर सुरू करणारे आणि जपणारे विजेचे भाग), व्होल्टेज किंवा सॉकेटचा. त्याचा गॅसशी संबंध नाही. कॉम्प्रेसर चालतोय पण बाजू थंड आणि फ्रीझरही कोरडा, किंवा साध्या फ्रीजमध्ये एका कोपऱ्यातच टीचभर बर्फ धरतोय, तेव्हा गळती किंवा चोकअपची (नळी तुंबल्याची) शंका रास्त आहे. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा. नंबर फ्रीजवरच्या स्टिकरवरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या. नेटवर शोधून पहिला दिसेल तो नंबर लावलात तर वेगळ्याच फसवणुकीत सापडाल.

फ्रीज नेण्याची तयारी आदल्या दिवशी. २४ तास आधी बंद करून दार किलकिलं ठेवा, बर्फ आपोआप वितळू द्या. मागे कॉम्प्रेसरवर पाण्याचा ट्रे असतो, तो रिकामा करा. हे बहुतेक जण विसरतात आणि जिन्यात ते पाणी वायरिंगवर सांडतं. काचेच्या फळ्या, खण आणि भाजीचा कप्पा बाहेर काढून वेगळे गुंडाळा. दाराला ब्राऊन टेप लावू नका, तिचा गोंद पत्र्यावरून निघत नाही. जाड कापडी पट्टा पुरतो. फ्रीज दाराच्या चौकटीतून जाईल का ते आधी मोजा. जुन्या इमारतींत स्वयंपाकघराचं दार अडीच फूट, म्हणजे ७६ सेंटिमीटर असतं. साइड बाय साइड फ्रीज ९० सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि शंभर किलोच्या घरात असतो. त्याची दारं काढावी लागतात, आणि वरच्या बिजागरीतून वायरी (काहींत पाण्याची नळीही) जातात, त्यामुळे हे काम हमालाच्या पान्याचं नाही. पेठांतल्या अरुंद, वळणाच्या जिन्यातून नेताना फ्रीज कलता करावाच लागतो. ४५ अंशांपर्यंत चालेल, त्यापुढे नाही. धरायचं ते तळाला आणि पट्ट्याने. दाराच्या मुठीला किंवा मागच्या नळ्यांना धरून उचलू देऊ नका.

आणखी एक गोष्ट, फोटो काढून ठेवण्याची. सामान रात्रभर ‘गोडाउन’मध्ये राहिलं की इन्व्हर्टर फ्रीजचा मागचा सर्किट बोर्ड काढून जुना बसवणं सहज शक्य असतं. निघण्याआधी आतल्या स्टिकरवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर, कॉम्प्रेसरवरची पट्टी, बोर्डाच्या झाकणाचे स्क्रू आणि चार्जिंग लाइनचं टोक, सगळ्यांचे फोटो काढा. स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावला तर उघडल्याचं लगेच कळतं.

भाव ठरवताना घर येऊन बघणाऱ्यालाच काम द्या. फ्रीज किती लिटरचा, किती दारांचा, दोन्हीकडे मजला कितवा, लिफ्ट आहे का, गाडी केवढी आणि ‘फ्रीज उभाच न्यायचा’ हे सगळं कागदावर लेखी घ्या. साधा व्हॉट्सॲप मेसेजही पुढे पुरावा ठरतो, पण तो त्यांच्याकडून आलेला हवा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो. सरकारी जीएसटी पोर्टलवर टाकला की नोंदणीचं नाव दिसतं. पैसे त्याच नावाच्या खात्यात जायला हवेत. ‘तीन टक्के इन्शुरन्स’ म्हणून पैसे मागितले तर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर मागा. तो नसेल तर विमाही नाही. सामानाची किंमत लिहून देणं टाळू नका. माल रस्त्याने नेण्याबाबतचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे नियम यांनुसार जास्त किमतीची जोखीम लेखी ठरलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते, आणि नुकसानीचा दावा लावण्याआधी बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते.

गाडी अडवून पैसे मागितले तर ११२ ला फोन करा. गाडी निघण्याआधी नंबरप्लेट आणि चालकाचा फोटो काढलेला असेल तर पोलिसांना शोधायला काही हाती लागतं. ‘भाड्याचा वाद आहे’ म्हणून बोळवण होऊ लागली तर स्पष्ट सांगा की भारतीय न्याय संहितेत वाहतूकदाराने सोपवलेल्या मालाचा अपहार करणं हा कलम ३१६(३)चा गुन्हा आहे आणि धमकावून पैसे घेणं कलम ३०८ मध्ये येतं. यूपीआयवर गेलेल्या आगाऊ रकमेची तक्रार लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. कंपनी कुठलीही असली तरी तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार चालते. मेकॅनिकचं बिलही तिला जोडा, आणि सोबत चार्जिंग लाइनचा आधीचा आणि नंतरचा फोटो.