कृष्णेचं पाणी की समुद्राचं? मनोरीआधी चेन्नई पाहा

मुंबईतल्या मनोरीला समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प व्हायचाय, त्यावर मत बनवायचंय? मग चेन्नईकडे बघा. हे शहर दोन्ही पाणी पितं, करारातलं आणि कारखान्यातलं.

करार १९७६ सालचा. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून दरवर्षी प्रत्येकी ५ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी चेन्नईला पिण्यासाठी द्यायचं कबूल केलं. वाटेतली ३ टीएमसी घट वजा जाता तमिळनाडूच्या सीमेवर १२ टीएमसी पोचायला हवं, म्हणजे रोज सुमारे ९३ कोटी लिटर. पाणी सीमेवर पोचायलाच १९९६ उजाडलं. आणि १२ चा आकडा बहुधा कागदावरच राहिला. कालव्याकाठी पंप लावून पाणी उपसलं जातं, ते एकवेळ सोडा. खरी गोची अशी की चेन्नईला तहान लागते तेव्हा अनेकदा हे पाणी जिथून सुटतं ते कृष्णेवरचं श्रीशैलमचं धरणही तळाला गेलेलं असतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

समुद्राला दुष्काळ नाही. चेन्नईजवळ समुद्राचं पाणी गोडं करणारा मिंजूरचा प्रकल्प २०१० चा, नेम्मेलीचा २०१३ चा, दोन्ही रोज १० कोटी लिटरचे. २०२४ मध्ये नेम्मेलीलाच १५ कोटींचा आणखी एक आला. २०१९ साली तलाव आटले आणि जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, एका खेपेला २५ लाख लिटर. मिंजूर पूर्ण क्षमतेने चालला तर एका दिवसात अशा चाळीस गाड्या भरतात.

पण तिन्ही प्रकल्प वर्षभर चालवले तरी साडेचार टीएमसीच होतं, एकट्या महाराष्ट्राने कबूल केलेल्या ५ टीएमसीहून कमी. त्यात हजार लिटरला ३-४ युनिट वीज. मिंजूरचा सुरुवातीचा दर हजार लिटरला ४८ रुपये ६६ पैसे होता, आणि खरेदीचा करार २५ वर्षांचा, मधे पूर येवो वा दुष्काळ. उरलेलं दुप्पट खारट पाणी परत समुद्रातच जातं. त्याचं काय, हे मनोरीच्या कोळ्यांना आधी विचारायला हवं.

माझा कल सांगतो. समुद्राचं पाणी आणीबाणीपुरतं असावं, रोजची भिस्त नदीवर. म्हणून रोज २० कोटी लिटरच्या मनोरीला माझा होकार. ४० कोटींपर्यंतच्या विस्ताराला मात्र आत्ता नाही, कारण वीज काढून झाल्यावर कोयनेचं ६७ टीएमसीपर्यंत गोडं पाणी दरवर्षी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. आधी त्याचा हिशेब मांडा.