वाचनालयाची विषयपेटी : महिनाभर घरी ठेवून

देवगडच्या आमच्या वाडीजवळच्या वाचनालयानं यंदा पावसाळ्यात विषयपेटी सुरू केली. हापूसच्या रिकाम्या पेटीत एकाच विषयावरची पुस्तकं, कात्रणं आणि मराठी टिपणांची वही. अनामत २०० रुपये, मुदत महिना. मी अमेरिकेतल्या सरकारविरोधी, कडव्या उजव्या चळवळींची पेटी आणली. ६ जानेवारी २०२१ ला तिथल्या संसदेत घुसलेले लोक सिनेटच्या सभागृहात येशूच्या नावानं प्रार्थना करताना टीव्हीवर बघितले होते. ते मनातून जात नव्हतं.

वहीतलं शेतकऱ्यांवरचं टिपण सर्वांत चांगलं. १९८० च्या दशकात तिथं व्याजदर चढले, शेतमालाचे भाव पडले, जमिनी लिलावात गेल्या. अशा घरांत पॉसी कॉमिटेटस या सरकारविरोधी चळवळीचे लोक पोचले. शेरीफच्या, म्हणजे तिथल्या काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या भागाच्या) पोलीसप्रमुखाच्या वर कुणाचा अधिकार नाही, प्राप्तिकर बेकायदा, बँकांमागे ज्यूंचं कारस्थान, असं सांगत. त्यातल्या अनेकांचा पंथ ख्रिश्चन आयडेंटिटी, म्हणजे गोरे हेच बायबलातले खरे इस्राएली. गॉर्डन काल (Kahl) नावाचा शेतकरी त्यांच्यातलाच. कर देणं त्याला सैतानाला दान देण्यासारखं वाटे. फेब्रुवारी १९८३ मध्ये त्याला पकडायला गेलेले दोन मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचे पोलीस अधिकारी, चकमकीत मेले.

इथं मी वही मिटली. मोहोर करपला त्या वर्षी सोसायटीची नोटीस आली, तेव्हा आमच्या ह्यांना रात्रभर झोप नव्हती. त्या रात्री कुणी दारात येऊन ‘ही नोटीस देवालाच मान्य नाही’ म्हणालं असतं, तर आम्ही त्याला आत बसवून चहा दिला असता. याची मला खरोखर भीती वाटली.

२०१६ मध्ये ओरेगॉन राज्यातल्या मालहूर या सरकारी अभयारण्याचा हत्यारबंद लोकांनी ताबा घेतला, ते प्रकरणही नीट मांडलंय. त्यांचा म्होरक्या अ‍ॅमन बंडी देवाचा आदेश सांगत होता आणि खिशात राज्यघटनेची पुस्तिका. घटना देवाच्या प्रेरणेची मानायची, पण तिचा अर्थ कोर्टानं लावलेला चालणार नाही!

एक मोठी उणीव. याविरुद्ध उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती लोकांवर पेटीत एक कागद नाही. २०१९ मध्ये बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका समितीनं ख्रिस्ती राष्ट्रवादाविरुद्ध, म्हणजे अमेरिका हा ख्रिश्चनांचाच देश मानणाऱ्या विचाराविरुद्ध मोहीम उघडली, ती यायलाच हवी. नाहीतर वाचणारा सगळ्या श्रद्धाळूंना एकाच माळेत ओवेल. ग्रंथपालबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, “काकी, तुम्हीच टिपण लिहून द्या.” लिहायला घेतलंय.

पुस्तकांना दमट वास येतो, न्याल तेव्हा आधी उन्हाची तिरीप बघून पसरून ठेवा.