'92 टक्के प्लेसमेंट' म्हणजे कशाचे 92 टक्के?

दुसऱ्या क्षेत्रातून डेटा अ‍ॅनालिटिक्सकडे वळू पाहणाऱ्यांना हेरून 'नोकरीची हमी' विकणारे बरेच कोर्स आहेत. त्यातल्या एकाने मला कसं गंडवलं ते सविस्तर लिहितेय. संस्थेचं नाव घेत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय नावं बदलून हाच धंदा करणारे इतके आहेत की एक नाव कळून कुणाचं फारसं भलं होणार नाही. पद्धत कळली तर होईल.

मी बरीच वर्षं स्टोअर आणि खरेदी विभागात होते. मालाची आवक-जावक, शिल्लक, कोणता पुरवठादार कायम उशीर करतो, हे सगळं एक्सेलमध्ये. "व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल येतं ना, मग निम्मं काम झालंच आहे मॅडम," असं संस्थेचा काउन्सिलर फोनवर म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. खोटं पुढे होतं: 92 टक्के प्लेसमेंट, पगार सरासरी दुप्पट, आणि नोकरी लागली नाही तर फी परत.

फी 'सोप्या हप्त्यांत' भरता येईल म्हणाले. सवलत त्या दिवशीपुरतीच होती, अर्थातच. एक लिंक आली, ओटीपी विचारला आणि प्रवेश पक्का झाला. मला वाटलं होतं हप्ते संस्थेला जाणार. प्रत्यक्षात ते एका तिसऱ्याच फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज होतं. कंपनीने सगळी फी संस्थेला सुरुवातीलाच देऊन टाकली होती. मी शिकले काय, नाही काय, संस्थेचा हिशोब तिथेच संपला. पुढे शिकवण्याबद्दल तक्रार केली तेव्हा फायनान्सवाल्यांनी सांगितलं, "शिक्षणाशी आमचा संबंध नाही, आम्ही फक्त कर्ज देतो." संस्था म्हणाली, "हप्त्यांचं त्यांच्याशी बोला." बसा मग मधे लोंबकळत.

वर्ग सुरुवातीला लाइव्ह होते, मग हळूहळू रेकॉर्ड केलेले व्हिडिओ यायला लागले. प्रोजेक्ट म्हणून सगळ्या बॅचला टायटॅनिकच्या प्रवाशांचा तोच डेटासेट दिला, जो कॅगल या डेटासेटच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळतो आणि जगातला निम्मा नवशिक्या वर्ग ज्यावर हात साफ करतो. 891 ओळी. त्यातल्या 177 प्रवाशांच्या वयाचा रकाना कोरा. शिकवणाऱ्याने एका ओळीत तिथे मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातलं मधलं वय, भरला, आलेख काढला, आणि 'एंड-टू-एंड प्रोजेक्ट' म्हणून तो सगळ्यांच्या रेझ्युमेवर चढला. सरावाला तो डेटासेट उत्तम आहे, याबद्दल वाद नाही.

पहिल्याच मुलाखतीत समोरच्या बाईंनी तो प्रोजेक्ट उघडलासुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "177 जणांचं वय माहीत नाही, तिथे तुम्ही एकच आकडा भरलात. त्याने वयाचं वितरण कसं बदललं, ते पाहिलंत?" वर्गात याचा उल्लेखही झालेला नव्हता. मग त्यांनी माझ्या जुन्या कामाबद्दल विचारलं. एकाच वस्तूला दोन कोड पडले की दोन तक्ते जोडल्यावर, म्हणजे जॉइन केल्यावर, शिल्लक कशी फुगते, ते मी सांगायला लागले आणि पुढचा सगळा वेळ आम्ही त्यावरच बोललो. नोकरी मिळाली नाही. पण आपल्याकडे विकण्यासारखं काय आहे ते तिथे कळलं, आणि कोर्सने मला नेमकं तेच झाकायला लावलं होतं. 'नॉन-टेक अनुभव रेझ्युमेमधून कमी करा' असा त्यांचा लेखी सल्ला होता.

कमी केलेल्या जागी काय भरायचं, तेही त्यांच्याकडे तयार होतं. प्लेसमेंट विभागातून एकाने सुचवलं की एका कंपनीत दोन वर्षं 'ज्युनिअर अ‍ॅनालिस्ट' होतात असं दाखवू, अनुभवाचं पत्र आम्ही देतो. मी नकार दिला. माझ्या बॅचमधल्या एकाने ते पत्र घेतलं. त्याला ऑफर मिळाली, आणि पार्श्वभूमी तपासणीत ती गेलीही. पत्र देणारे नामानिराळे राहिले. ऑफर देणाऱ्या कंपनीच्या यादीत मात्र त्याचं नाव खोटी कागदपत्रं देणारा म्हणून कायमचं लागलं. कुणी असं पत्र देऊ केलं तर इतर काहीही न तपासता त्या कोर्सपासून लांब व्हा.

आता त्या 92 टक्क्यांकडे येते. गंमत म्हणजे तो आकडा कसा बनतो ते मला त्यांच्याच एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेच्या, धड्यात समजलं. एसक्यूएलमध्ये सरासरी काढणारं एव्हीजी हे फंक्शन कोऱ्या, म्हणजे नल नोंदी हिशोबातच घेत नाही. शून्य असेल तर सरासरी खाली येते, नल असेल तर ती नोंद नसल्यासारखीच. ओळी मोजणाऱ्या काउंटचंही तसंच: चांदणी (*) घालून मोजलं तर सगळ्या ओळी येतात, रकान्याचं नाव घालून मोजलं तर फक्त भरलेल्या. नोकरी न लागलेला विद्यार्थी पगाराच्या फॉर्मवर काय लिहिणार? काहीच नाही. तो नल झाला, आणि सरासरी पगार झकास दिसायला लागला.

मी प्लेसमेंट विभागाला ईमेलवर विचारलं की 92 टक्क्यांचा छेद काय. उत्तर फोनवर आलं, लेखी नाही. छेदात फक्त 'प्लेसमेंटसाठी पात्र' विद्यार्थी धरतात म्हणे. पात्र म्हणजे हजेरी पूर्ण, सगळे प्रोजेक्ट मंजूर, सराव मुलाखतीत उत्तीर्ण, आणि संस्थेने पाठवलेली एकही मुलाखत न नाकारलेले. मधे सोडून गेलेले नाहीत, फोन न उचलणारे नाहीत. पात्र कोण हे ठरवणार संस्थाच. आणि अंशात? कुठलीही नोकरी. ग्राहकसेवेतली, डेटा एंट्रीची, आणि संस्थेची स्वतःचीसुद्धा. मला कोर्स विकणारा काउन्सिलर आधीच्या एका बॅचचा विद्यार्थी होता. 'एज्युकेशन इंडस्ट्रीत प्लेस झालेला' म्हणून तो त्या 92 मध्ये मोजलेला होता.

फी परत मिळण्याची अटही त्याच 'पात्र' शब्दावर टांगलेली होती. करारात ती कर्जाच्या कागदपत्रांनंतर, जोडपत्रात होती, आणि 'नोकरीची हमी' हे शब्द त्यात कुठेही नव्हते. तिथे होतं 'मुलाखतीच्या संधी उपलब्ध करून देणे'. एखाद्या जाहिरातीची लिंक पाठवली की संधी दिली.

हे फक्त गल्लीबोळातल्या संस्थांचं काम आहे असं समजू नका. अमेरिकेत लॅम्डा स्कूल या गाजलेल्या संस्थेवर, जी नंतर ब्लूमटेक झाली, तिथल्या ग्राहक वित्तीय संरक्षण विभागाने 2024 मध्ये कारवाई केली. जाहिरातीत 71 ते 86 टक्के विद्यार्थ्यांना नोकऱ्या लागल्याचं लिहिलं होतं. गुंतवणूकदारांना दिलेल्या आकड्यांत ते 50 टक्क्यांच्या आसपास होतं आणि काही बॅचेसमध्ये 30 टक्क्यांपर्यंत खाली. 'उत्पन्नातला वाटा' म्हणून, म्हणजे नोकरी लागल्यावर पगारातून फी द्यायची असे, जे करार केले ते त्या विभागाच्या मते चक्क कर्जं होती, त्यावर सरासरी 4,000 डॉलरचा आकार, आणि तो विद्यार्थ्यांना सांगितलेला नव्हता. संस्थेच्या प्रमुखाने एका बॅचचं 100 टक्के प्लेसमेंट झाल्याचं जाहीर केलं होतं. त्या आकड्यामागे विद्यार्थी होता एक. हे वाचलं तेव्हा मला आपलं 92 अगदीच सभ्य वाटायला लागलं.

पैसे देण्याआधी माजी विद्यार्थ्यांच्या यशोगाथा जरूर बघा, पण कोर्सनंतरची नोकरी सोडून आधीची नोकरी बघा. आमच्या पोस्टरवरचे बहुतेक चेहरे आधीपासूनच सॉफ्टवेअरमध्ये होते. छेद काय, सोडून गेलेल्यांचं काय केलं, कोणती पदं मोजली, हे लेखी मागा. लेखी द्यायला टाळाटाळ झाली की उत्तर मिळालंच. हप्ते म्हटलं की कर्ज कुणाचं, कोर्स सोडला तर त्याचं काय होतं, आणि किती दिवसांत ते रद्द करता येतं, हे ओटीपी सांगण्याच्या आधी विचारा.

शिकायला मुळात एवढे पैसे लागतच नाहीत. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस फुकट आहे, पायथन ही भाषा आणि तिच्यातलं डेटा हाताळणारं पांडाज फुकट आहेत, आलेख आणि डॅशबोर्ड बनवायचे पॉवर बीआय डेस्कटॉप आणि टॅब्लो पब्लिकही फुकट आहेत. तुम्ही नर्स असाल, शिक्षक असाल, हिशोबनीस असाल, तर तुमच्या कामातले प्रश्न तुम्हाला असले झटपट कोर्स चालवणाऱ्या कुठल्याही बूटकॅम्पवाल्यापेक्षा चांगले माहीत आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाका, कंपनीचा डेटा बाहेर नेऊ नका, हवं तर बनावट आकडे भरा, पण प्रश्न खरा ठेवा. मी आता उशिरा येणाऱ्या मालावर असाच एक प्रोजेक्ट केलाय आणि मुलाखतीत तोच उघडायला सांगतात.

ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांनी जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरची आश्वासनं आणि कॉलच्या तारखा आजच जपून ठेवाव्यात, कारण आमच्या तक्रारीनंतर संस्थेच्या पानावरून '92 टक्के' रातोरात गायब झालं. तक्रार संस्था आणि फायनान्स कंपनी दोघांकडे लेखी करा, एकाच दिवशी, एकाच मजकुराची, म्हणजे टोलवाटोलवीला जागा उरत नाही. हप्ते परस्पर बंद करण्याआधी जाणकार वकिलाला विचारा. मी अजून हप्ते भरतेय, कारण थकले तर डाग माझ्या नावावर पडतो, संस्थेच्या नाही.