ड्राखनफेल्स की पेटर्सबेर्ग?

जर्मनीतल्या बॉनजवळच्या झीबेनगेबिर्ग या डोंगररांगेसाठी एकच दिवस हातात असेल, तर गाडी बहुतेक या दोन नावांवर अडते. दोन्ही डोंगर ऱ्हाइनकाठच्या क्योनिग्सविंटर गावाच्या डोक्यावर, आणि बॉनहून ६६ नंबरची ट्राम साधारण अर्ध्या तासात गावात सोडते. उंची दोघांचीही साडेतीनशे मीटरच्या आत, तेव्हा सह्याद्री तुडवलेल्यांनी ट्रेकची हौस घरीच ठेवावी.

भारतातून आईबाबा आले असतील तर ड्राखनफेल्स, फार विचार करू नका. १८८३ पासून दातेरी रुळांवरची रेल्वे वरपर्यंत नेते (तिकीट वेगळं काढावं लागतं). मधल्या स्टेशनवर ड्राखनबुर्ग आहे. दिसतो राजवाडा, पण तो एका धनाढ्य शेअर दलालाने १८८२ ते १८८४ मध्ये बांधून घेतलेला हौसेचा इमला! फोटो झकास येतात, एवढं मान्य. खरा जुना आहे तो शिखरावरचा पडका किल्ला. मला मात्र तिथला दगडच जास्त आवडतो. हा ज्वालामुखीचा ट्रॅकाइट. जवळून पाहिलात तर करड्या दगडात बोटाच्या पेराएवढे पांढरट स्फटिक दिसतात. कोलोनच्या कॅथीड्रलला हाच दगड लागला. खाणकामाने किल्ला ढासळायला लागला, तेव्हा १८३६ मध्ये प्रशियाच्या सरकारने डोंगरच विकत घेऊन ते थांबवलं. शनिवार-रविवारी मात्र वर जत्रा असते.

पेटर्सबेर्गची रेल्वे १९५८ मध्येच बंद झाली. आता गाडीने जा, नाहीतर जंगलातून चढा. माथ्यावर आलिशान हॉटेल. नोव्हेंबर १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर यांनी दोस्तराष्ट्रांशी करार केला तो इथेच, आणि २००१ मध्ये अफगाणिस्तानविषयीची ‘बॉन परिषद’ही इथेच भरली. १९७३ मध्ये भेट मिळालेली मर्सिडीज सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी इथल्याच वळणांवर दामटली आणि ठोकली. इतिहासात रस नसेल तर वर पाहायला दृश्याखेरीज फारसं काही नाही. पण मागच्या अंगाने हाइस्टरबाखला उतरलात तर पडक्या मठाचा उरलेला अर्धगोल गाभारा भेटतो, आणि तिथे गर्दी जवळपास नसते.

पाय धड असतील आणि रविवार असेल, तर मी पेटर्सबेर्ग-हाइस्टरबाखच सुचवेन. ड्राखनफेल्सला जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा आणि परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा. हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात.