चौथीनंतर कुठे: गावातली जिल्हा परिषद शाळा की शेजारगावचं हायस्कूल?

गावात जिल्हा परिषदेची पाचवी किंवा सातवीपर्यंतची शाळा, आणि चार-पाच किलोमीटरवर संस्थेचं अनुदानित हायस्कूल, पाचवी ते दहावी. दोन्हीकडे आठवीपर्यंत पुस्तकं मोफत, दुपारचा पोषण आहारही. गणवेश मात्र जि. प. शाळेतच मिळतो. त्यावरून शाळा ठरवू नका. खरा फरक शिक्षकांचा आणि रस्त्याचा आहे.

जि. प. शाळेत आधी पट विचारा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक. पट ४० असेल तर पाच वर्ग दोघांत वाटलेले असतात. तिसरी, चौथी, पाचवी एका खोलीत. एका वर्गाचं गणित चाललं की बाकीचे दोन फळ्यावरचं उतरवत बसतात. त्यातले एक गुरुजी बैठकीला किंवा बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला गेले की सगळी शाळा दुसऱ्यावर. तरीही मेहनती गुरुजी असतील तर पाचवीपर्यंत हीच शाळा सरस, कारण कोणतं पोर कुठे अडतंय हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. सहावीपासून गोष्ट बदलते. तिथे विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा, असं कायदाच सांगतो. यातली जागा रिकामी असेल तर सातवीपर्यंत थांबवू नका.

हायस्कूलमध्ये विषयवार शिक्षक, आणि दहावीपर्यंत शाळा बदलायची गरज नाही. पण पाचवीत पाच-सहा गावांची मुलं एकत्र येतात आणि शिकवणं थेट पाचवीच्या पुस्तकापासून सुरू होतं. ज्याला हातच्याची वजाबाकी जमत नाही तो पहिल्या चाचणीपर्यंत मागच्या बाकावर गेलेला असतो, आणि पाचवीच्या वार्षिक परीक्षेत ते उघडं पडतं. म्हणून प्रवेशाआधी घरीच पाहा: चौथीच्या पुस्तकातला एक परिच्छेद न अडखळता वाचता येतो का, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येतं का. येत नसेल तर पाचवीचं एक वर्ष गावातच काढणं फायद्याचं. आणखी एक विचारा: पाचवीची तुकडी अनुदानित आहे ना? शाळा अनुदानित असूनही एखादी तुकडी विनाअनुदानित असते, आणि तिथे फी पडू शकते.

दोन्ही शाळांत दिवाळीनंतर एकदा जा आणि पाचवीच्या दोन-तीन वह्या पाहायला मागा. नुसत्या लाल बरोबरच्या खुणा बघू नका. चुकलेलं गणित मुलानं खाली पुन्हा सोडवलंय का, ते बघा. इमारत आणि रंगवलेल्या भिंतींपेक्षा यातून जास्त कळतं.

रस्त्याचं म्हणाल तर ग्रामीण मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत, मुलांना सवलतीत. पण पास असून भागत नाही, शाळा सुटायच्या वेळेला गाडी हवी. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की ती येते का, हे तिथे आधीपासून शिकणाऱ्या मुलींनाच विचारा.

नवोदयचा, म्हणजे परीक्षा देऊन सहावीत प्रवेश मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या निवासी शाळेचा, विचार असेल तर पाचवीसाठी मुलाला शहरात मामाकडे ठेवू नका. ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्याच शाळेत पूर्ण झालेली लागतात, आणि पाचवी त्याच जिल्ह्यात. गावातली शाळा असो वा शेजारगावचं हायस्कूल, ही अट दोन्हीकडे पाळली जाते.

शाळा बदलायचं ठरलं तर दाखला जूनच्या आधीच मागून घ्या. तो मिळायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही.