झिरो पर्सेंट बॅलन्स ट्रान्सफर: सात महिने वापरून झाल्यावर

आधी त्या १,६४२ रुपयांबद्दल बोलू द्या, झिरो पर्सेंटचं नंतर बघू.

झालं असं की गेल्या वर्षी बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं (खालच्या काकूंच्या छताला ओल आली होती, रोज जिन्यात गाठून विचारायच्या), त्यात टाइल्स, मग दिवाळी, आणि जुन्या क्रेडिट कार्डावर ८४,००० चा डोंगर झाला. तीन महिने मी मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, तेवढीच भरत बसलो. शहाण्यासारखा. मग एका रात्री स्टेटमेंट नीट वाचलं. महिन्याला ३.६ टक्के व्याज म्हणजे ३,०२४, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४४, आणि मी भरत होतो ४,२००, म्हणजे मुद्दलातून जात होते फक्त ६३२ रुपये! भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस मी, आणि इथे जीएसटी धरून वर्षाला ५१ टक्के देतोय.

त्याच आठवड्यात दुसऱ्या बँकेच्या कार्डाच्या ॲपवर ऑफर आली, बॅलन्स ट्रान्सफर (एका कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर न्यायची), ६० दिवस ० टक्के, प्रोसेसिंग फी २ टक्के. लिमिटच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच देतात, मला ८०,००० मिळाले. फी १,६०० अधिक जीएसटी २८८, एकूण १,८८८. तेच ८०,००० जुन्या कार्डावर ठेवले असते तर दोन महिन्यांत पावणेसात हजार व्याजात गेले असते, म्हणजे सरळ पाच हजारांच्या आसपास वाचणार. १९ नोव्हेंबरला पैसे जुन्या कार्डावर जमा झाले, वरचे ४,००० मी स्वतः टाकले, ॲपवर बाकी शून्य दिसली, बायकोला स्क्रीनशॉट पाठवला.

५ डिसेंबरला जुन्या कार्डाचं स्टेटमेंट आलं. १,६४२.

शून्य बाकीवर कसलं व्याज? कस्टमर केअरला चार वेळा फोन, चारही वेळा ‘सर, सिस्टम जनरेटेड आहे’. शेवटी एका मुलीने नीट सांगितलं. ५ तारखेला स्टेटमेंट बनलं, पैसे १९ ला आले, मधले चौदा दिवस रोजचे ९९ रुपये अधिक जीएसटी चालूच होते, ते पुढच्या बिलात दिसतात. बाकी पुढे ओढत आणली असेल तर व्याज पैसे जमा होण्याच्या दिवसापर्यंत लागतं, स्टेटमेंटच्या तारखेला थांबत नाही. पटलं? पटलं. भरले? नाही. रागात नाही भरले, आणि ड्यू डेट उलटून तीन दिवस झाल्यावर ५०० लेट फी अधिक ९० जीएसटी. हा माझाच गाढवपणा, मान्य. तरी बँकेच्या नोडल ऑफिसरला (तक्रारी बघणारा वरचा अधिकारी) मेल टाकला आणि खाली लिहिलं की तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. बाविसाव्या दिवशी लेट फी परत आली. १,६४२ नाही आले. नियमाने त्यांचंच बरोबर आहे, तरी मला अजून आठवलं की दात-ओठ खावेसे वाटतात. तेव्हा ट्रान्सफर करायचा असेल तर बिल बनल्या बनल्या करा, माझ्यासारखे पंधरा दिवस ऑफरचे स्क्रीनशॉट मित्रांना दाखवत बसू नका.

नव्या कार्डाचं म्हणाल तर ते कपाटात ठेवून द्या. मी पहिल्याच आठवड्यात त्यावर पेट्रोल आणि किराणा घेतला, आणि बाकी पूर्ण फेडलेली नसल्याने नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज. ० टक्के फक्त आणलेल्या रकमेला, तुम्हाला नव्हे.

इथपर्यंत माझं मत होतं, कटकट आहे पण ऑफर चांगली. जानेवारीत ते बदललं. साठ दिवस संपत आले तेव्हा मी कसेबसे ३२,००० फेडले होते, उरलेल्या ४८,००० वर १८ तारखेपासून महिन्याला ३.५ टक्के लागणार, म्हणजे जीएसटीसकट १,९८२. मी तिसऱ्या बँकेची ऑफर शोधत होतो तेव्हा बायको म्हणाली, ‘ती सव्वा लाखाची एफडी काय नातवंडांच्या बारशाला ठेवलीय का?’

एफडी मोडायची नाही हे आमच्या घरात संध्याकाळी केर काढायचा नाही इतकं पक्कं. पण मोडायची नव्हतीच, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो, म्हणजे एफडी तारण ठेवून उधार. एफडी ७ टक्क्यांची, ओव्हरड्राफ्ट ८ टक्क्यांनी. ४८,००० ला महिन्याला ३२० रुपये व्याज, तेही कमी होत जाणार. शाखेत एक सही, दुसऱ्या दिवशी पैसे.

मग घरी येऊन उलटा हिशोब मांडला आणि जेवण गेलं नाही. २ टक्के फी अधिक जीएसटी म्हणजे २.३६ टक्के, ते साठ दिवसांचे. वर्षाचे केले तर चौदा टक्क्यांच्या वर. व्याज नाही म्हणायचं, फी म्हणायचं, एवढंच. तेच ८०,००० नोव्हेंबरमध्ये एफडीवर उचलले असते तर दोन महिन्यांचे साधारण १,०५० पडले असते, १,८८८ च्या जागी, आणि साठ दिवसांची घाईही नाही. ५१ टक्क्यांपुढे चौदा स्वस्तच, त्यामुळे एफडी किंवा सोनं काहीच हाताशी नसेल आणि दोन पगारांत खरंच फेडणार असाल (खरंच, मी म्हणालो होतो तसं नव्हे) तर घ्या. नाहीतर नुसती टोपी फिरवायची, याच्या डोक्यावरून त्याच्या डोक्यावर.

आता दरमहा ८,००० भरतोय, एकच हप्ता उरलाय.

हां, जुनं कार्ड बंद केलं. बाकी नसेल तर अर्ज दिल्यापासून सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने रोजचे ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी कॅलेंडरवर खुणा करत होतो, चार दिवस उशीर झाला की १,६४२ वसूल. सहाव्या दिवशी मेसेज आला, कार्ड बंद केले आहे. सात महिन्यांत एवढं एकच काम वेळेत केलं मेल्यांनी.